तळ्याकाठचं मुरबं

मी खोली बघायला गेले तेव्हा काकूंनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "बोयसरची ना तू? मग मुरबं बघलंस का?"

"हो, बघितलंय ना," मी म्हटलं.

"काय बघलंस?"

मुरबे आमच्या बोईसरच्या घरापासून रिक्षाने जाण्याइतकं जवळ, पण मी कधी गेलेच नव्हते. वडील कराडकडून तारापूरच्या कारखान्यात नोकरीला आले. आम्ही घाटावरची माणसं. समुद्र म्हणजे आमच्यासाठी सुट्टीत एखाद्या संध्याकाळी चिंचणीच्या किनाऱ्यावर जायचं, भेळ खायची आणि पायाला वाळू लागली म्हणून कुरकुरत परत यायचं. मुरब्याच्या कोळीवाड्यात आमचं कोण होतं?

"उंबरा ओलांडायच्या आधी थाप मारलीस," काकू म्हणाल्या. "आता परत नको मारू. ये आत. खोली थंड हाय, खिडकी नीट लागत नाय, आन आमचे हे खोकतात. चालत असंल तर रहा."

कॅनडातल्या त्या गावात मी दोन-तीन घरं बघून आले होते. सगळ्यांनी आपापल्या खोल्या सुंदर आहेत असंच सांगितलं होतं. मी काकूंकडे राहिले.

खोटं न बोलणं हा पुष्कळांचा गुण असतो. काकूंच्या बाबतीत तो आजारासारखा होता. सभ्यपणासाठी आपण दिवसभरात जे किरकोळ खोटं बोलतो, तेही त्यांच्या तोंडून निघायचं नाही. मराठी मंडळाच्या गणपतीत एका बाईंनी गाणं म्हटलं आणि खाली येऊन कौतुकाच्या अपेक्षेने काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "गळा बसलाय तुमचा. पाठांतर बरं हाय." त्यानंतर मंडळात त्यांच्या शेजारची खुर्ची नेहमी रिकामी असायची. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. त्या तिच्यावर आपली पिशवी ठेवायच्या.

माहेराहून, सातपाटीहून, त्यांच्या बहिणीचा फोन आला की मी मुद्दाम स्वयंपाकघरात रेंगाळायचे. पलीकडून "बरी हायस ना?" असं विचारलं जायचं आणि काकू मोठ्याने सांगायच्या, "नाय. गुडघा दुखतो, बर्फ पडतो आन मला तुमची आठवण येते. तू बोल." एवढं सांगून झालं की मग मात्र हसत-खिदळत तासभर बोलायच्या.

सुरुवातीला मला त्यांचा राग यायचा. माझी पहिली आमटी चाखून त्या म्हणाल्या होत्या, "ही टाकून दे, मी दुसरी करते." पण हळूहळू लक्षात आलं, की त्या घरात मला फार निवांत वाटतं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दिवसभर सगळे एकमेकांना 'छान, छान' म्हणत असायचे आणि संध्याकाळी मी त्या छानचा अर्थ लावत बसायचे. काकूंच्या घरात अर्थ लावावा लागत नसे. एकदा माझी भाकरी तव्यावर टम्म फुगली आणि काकू म्हणाल्या, "ही जमली." मी उठून आईला फोन केला.

त्यांना बोंबील सुकवायचे होते, पण तिथे ताजे बोंबील कुठले मिळायला? जवळच्या तळ्यात बोटाएवढे चंदेरी मासे मिळत. काकूंनी तेच आणले, मीठ लावलं आणि मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीवर एकेक करून लटकवले. शेजारच्या गोऱ्या आजी कुंपणापाशी येऊन विचारायला लागल्या, की एखाद्या सणाची सजावट आहे का? काकूंनी सांगितलं, "नाही, जेवण आहे. चार दिवस वास येईल. तुम्ही खिडक्या लावून घ्या." आजींनी खरंच लावल्या. पुढे त्यांची आणि काकूंची घट्ट मैत्री झाली.

काकूंची थट्टा करायची हिंमत एकाच माणसात होती. ते म्हणजे काका.

काका मुरब्याचे. तरुणपणी जहाजावर गेले, जगभर हिंडले आणि शेवटी त्या देशातल्या प्रचंड तळ्यांवर माल नेणाऱ्या बोटींवर नोकरीला लागून तिथेच राहिले. तळ्याला ते कधी तळं म्हणायचे नाहीत, "गोडं पाणी" म्हणायचे. सडसडीत बांधा, मिशी पांढरी, बोलणं कमी. मी राहायला गेले त्या आठवड्यात मला म्हणाले होते, "हिला न्यायाधीश व्हायचं होतं. चुकून माझ्या घरात आली." काकूंनी लगेच सांगितलं, "चुकून नाय. मला तुमी आवडला होता." काका एवढे लाजले की पेपर घेऊन दुसऱ्या खोलीत गेले.

त्यांचं विसरणं मी राहायला गेले तेव्हाच सुरू झालेलं होतं. आधी चष्मा, मग चहा घेतला की नाही, मग शेजाऱ्यांची नावं. दुसऱ्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी ते बूट घालून, कापडी पिशवी घेऊन दारात उभे राहायला लागले.

"चल गो. घरी जाऊ."

"हेच घर हाय आपलं."

"हे नाय. मुरब्याला. आई वाट बघत असंल."

"आई वारल्या."

"कवा?"

"लई वर्षं झाली. तुमी बोटीवर होता."

मग काका तिथेच खाली बसायचे आणि रडायचे. आई गेल्याची बातमी त्यांना त्याच क्षणी कळलेली असायची. काकू शेजारी बसून त्यांची पाठ चोळायच्या. हळूहळू सगळं निवायचं, जेवणं व्हायची आणि दुसऱ्या संध्याकाळी काका पुन्हा बूट घालून दारात. त्या हिवाळ्यात काकांची आई रोज वारत होती.

आठवड्यातून एकदा घरी एक नर्स यायची. ती एकदा काकूंना समजुतीने म्हणाली, की काकांची चूक सुधारू नका, हो म्हणा, त्यांच्या जगात थोडं जाऊन बसा. काकूंनी तिचं ऐकून घेतलं, चहा दिला. ती गेल्यावर मात्र भांडी आपटायला लागल्या.

मी भीतभीत म्हटलं, "काकू, ती म्हणते ते करून बघायला काय हरकत आहे? त्यांना त्रास तरी होणार नाही."

"फसवू त्यांना? लहान पोराला फसवतात तसं?" त्यांनी नळ बंद केला. "पोरी, मी त्यांना खरं सांगते, कारण ते माझा नवरा हायत. ज्या दिवशी मी त्यांना काय पण सांगून गप बसवीन ना, त्या दिवशी या घरात नवरा नाय, नुसता पेशंट राहिला."

मी फडकं घेऊन भांडी पुसायला लागले.

दर उन्हाळ्यात काका-काकू शनिवार-रविवार धरून तळ्याकाठी तंबू ठोकून राहायला जायचे. हा काकांचा हट्ट. काकूंना ते अजिबात आवडत नसे. "चांगलं घर सोडून डासांत झोपायचं, हे श्रीमंतांचे चाळे," असं त्या म्हणायच्या आणि तरी जायच्या. त्या वर्षी जावं की नाही, याचा त्यांनी फार विचार केला असावा. एके दिवशी मला म्हणाल्या, "गाडी तू चालव. मला अजून उजव्या बाजूनं जायची भीती वाटते. पुढच्या वर्षी त्यांना नेता येल असं मला वाटत नाय."

जुनाच तंबू. जिथे फाटला होता तिथे काकांनी कधीतरी जाळी विणायच्या दोऱ्याने शिवला होता. सोबत कुकर, तांदूळ, विळी आणि एका घट्ट झाकणाच्या डब्यात सातपाटीहून आलेले सुके बोंबील. वाटेत काका खिडकीबाहेर बघत बसून होते.

ते तळं म्हणजे नुसतं म्हणायला तळं. पलीकडचा काठ दिसत नाही. वाळू आहे, लाटा आहेत, वर ओरडणारे पक्षी आहेत. मी गाडीतून सामान काढत होते. काकूंनी काकांना घडीच्या खुर्चीवर बसवलं, बूट-मोजे काढले आणि त्यांची पावलं वाळूवर ठेवली.

काकांनी पायाच्या बोटांनी वाळू चाचपली. मग पाण्याकडे बघितलं. आणि त्यांचा चेहरा जो बदलला, तसा मी त्या घरात कधीच पाहिला नव्हता. ते एकदम तरुण दिसायला लागले.

"आलो गो," ते म्हणाले. "मुरब्याला आलो."

काकूंनी तोंड उघडलं. त्या काय सांगणार हे मला पाठ होतं. हातातला कुकर घेऊन मी तशीच उभी राहिले.

"हां," काकू म्हणाल्या.

"आई कुठं हाय?"

काकूंनी बराच वेळ काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं. "बाजारात गेल्यात. सातपाटीला."

"मग येल उशिरा," काका म्हणाले आणि पाय लांब करून निवांत बसले.

काकू उठल्या, चालत पाण्यापर्यंत गेल्या, वाकून ओंजळ भरली आणि चूळ भरली. एकदा, दोनदा, परत परत. मग पदराने तोंड पुसून आल्या आणि मला म्हणाल्या, "तांदूळ धू."

थोड्या वेळाने काका नाक वर करून हवा हुंगायला लागले. "गो, वास कुठं गेला?" त्या पाण्याला समुद्राचा वास नव्हता. काकूंनी डबा उघडला आणि मूठभर बोंबील निखाऱ्यावर टाकले. तो वास असा काही उठला, की शेजारच्या तंबूतली कुत्री भुंकायला लागली. तिथली देखरेख करणारा एक तरुण गणवेशातला मुलगा धावत आला आणि अदबीने म्हणाला, की इथे असलं काही भाजू नका, वासाने अस्वलं येतात. काकूंनी त्याला इंग्रजीत सांगितलं, "येऊ दे. मी बसले आहे." तो बिचारा काकूंकडे आणि मग माझ्याकडे बघून निघून गेला. काका मात्र खूश. भाताबरोबर बोंबील खाताना ते मला मुरब्याच्या खाडीबद्दल सांगत होते. खाडीच्या तोंडाशी पाणी उथळ, ओहोटीला बोटी आत येऊ शकत नाहीत, बाहेर थांबून भरतीची वाट बघावी लागते. इतकं सलग बोलताना मी त्यांना महिनोन्‌महिने ऐकलं नव्हतं. काकू ऐकत होत्या आणि त्यांच्या ताटातला भात तसाच होता.

ऊन उतरल्यावर काकांनी विचारलं, "भरती कवा हाय?"

"येल," काकू म्हणाल्या. "बसा."

तळ्याला कुठली भरती? काका बघत बसले. पाणी होतं तिथेच होतं. अंधारू लागल्यावर आम्ही त्यांना तंबूत नेलं तेव्हा ते स्वतःशीच म्हणाले, "आज ओहोटी लांबली."

सकाळी मी स्टोव्हवर चहा ठेवत होते. काकू तंबूत केस विंचरत होत्या. काका पाण्याच्या कडेला उभे होते. मला वाटलं बघत असतील. मान वर केली तर ते गुडघाभर पाण्यात होते, कपड्यांसकट, आणि पुढे चालले होते.

"काकू!" मी ओरडले.

काकू तशाच मोकळ्या केसांनी धावल्या. पाणी बर्फासारखं असतं तिथलं, उन्हाळ्यातसुद्धा. त्या साडी सांभाळत, पडत, उठत आत गेल्या आणि छातीएवढ्या पाण्यात त्यांनी काकांचा दंड धरला. मीही मागोमाग त्यांच्यापर्यंत गेले. काका दंड सोडवत होते. त्यांच्यात अजून जहाजावरची ताकद होती.

"सोड! भरती आली नाय. बोटी बाहेर हायत सगळ्या. पोरं आत कशी येतील?"

"चला मागं. गार हाय पाणी."

"अगो, वारा सुटलाय! कोणी आलं नाय अजून!"

"आले," काकू म्हणाल्या. त्यांचे दात वाजत होते. "आले सगळे. तुमी झोपला होता तवा पाणी चढलं. बोटी लागल्या काठाला."

काका थांबले. "सगळे?"

"सगळे."

"धाकटा?"

काकूंनी डोळे मिटले. ते मी अगदी जवळून पाहिलं. एका हाताने त्यांनी माझं मनगट धरलं होतं आणि त्यांची नखं माझ्या कातडीत रुतली होती.

"धाकटा पण आला," त्या म्हणाल्या. "घरी बसून जेवतोय."

काका हसले. त्यांनी अंग सैल सोडलं आणि लहान मुलासारखे आमच्या मधोमध चालत बाहेर आले. आम्ही त्यांना कोरडे कपडे घातले, ब्लँकेटं गुंडाळली, गरम चहा पाजला. "जेवतोय," असं ते मधेच म्हणायचे आणि मान हलवायचे.

तंबू उतरवून आम्ही लगेच निघालो. काका मागच्या सीटवर झोपले. बरंच अंतर गेल्यावर काकू समोर बघत बोलायला लागल्या.

"धाकटा त्यांचा भाऊ. लगीन ठरलेलं होतं त्याचं. वादळात बोट गेली. बाकीचे सापडले, तो नाय सापडला. हे तवा परदेशात, जहाजावर. घरच्यांनी कळवलं ते, की तो आजारी हाय. मग म्हणे दवाखान्यात हाय. असं करत करत हे सुट्टीवर आले तवा खाडीच्या काठावर उतरल्यावर कोणीतरी सांगितलं. तोवर यांनी त्याच्यासाठी घड्याळ आणलेलं." काकूंनी मागे वळून काकांच्या अंगावरचं ब्लँकेट नीट केलं. "आमचं लगीन झालं तवा माझ्याकडनं एकच मागितलं त्यांनी. मला कवा खोटं सांगू नको, कितीपण वाईट असलं तरी. ते मी पाळलं. कालपर्यंत."

मी गाडी चालवत राहिले.

"चुकलं का गं माझं?" काकूंनी विचारलं. त्यांनी मला असं काही विचारल्याची ती एकच वेळ.

"नाही," मी म्हटलं.

"थाप नको मारू."

"मारत नाही, काकू."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग काच खाली करून तोंडावर वारा घेत बसल्या. घर जवळ आल्यावर म्हणाल्या, "मी त्यांना घेऊन जाते. खऱ्या मुरब्याला. मग मला काय बनवून सांगायला नको."

पानं गळायच्या आत ते घर रिकामं झालं. मी दुसरीकडे राहायला गेले. विमानतळावर काका मला ओळखत नव्हते, पण आपण घरी चाललोय हे त्यांना कळलेलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हसून नमस्कार करत होते.

पुढच्या वर्षी मी सुट्टीत बोईसरला आले आणि दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून मुरब्याला गेले. जन्मात पहिल्यांदा. बांबूंच्या मांडवांवर बोंबील सुकत होते. ओळींतून फिरणाऱ्या बायका मला बघून थांबल्या आणि एकीने न विचारताच "कॅनडावाल्यांकडं ना?" म्हणत घर दाखवलं.

पुतण्याच्या घराची पडवी त्यांना दिली होती. काकू बारीक झाल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "जाड झालीस," आणि जवळ घेतलं.

"काका कसे आहेत?"

"वाईट," त्या म्हणाल्या. "आल्यापास्नं एक दिवस त्यांना हे मुरबं वाटलं नाय. इथं पक्की घरं झाली, रस्ता झाला, त्यांच्या बरोबरीचं कोण राहिलं नाय. रोज म्हणतात, मला मुरब्याला ने. मी सांगते, अवो, हेच मुरबं, ही तुमची खाडी, ही समोर सातपाटी. ते माझ्याकडं असे बघतात, जशी मी थाप मारतेय." त्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "तिकडं खोटं सांगितलं ते त्यांना पटलं. इकडं खरं सांगते ते नाय पटत. आता तर मला पण नाय ओळखत. चल, समुद्रावर असतील."

काका किनाऱ्यावर एका उलट्या ठेवलेल्या होडीच्या पाठीवर बसले होते. अंगात स्वच्छ सदरा, खांद्यावर पंचा, मिशी नीट कातरलेली. सगळी काकूंच्या हातची निगा. भरती चढत होती. पाणी आवाज करत, वाळू खात वर येत होतं आणि बाहेर थांबलेल्या बोटी एकामागून एक खाडीत शिरत होत्या. काका त्यांच्याकडे बघत होते, पण रस्त्याने अनोळखी गाड्या जाव्यात तसे.

मी जरा मागेच थांबले. काकू पुढे जाऊन उभ्या राहिल्या. काकांनी मान वळवून बघितलं आणि परक्या बाईसमोर सावरावं तसं स्वतःला सावरलं.

"कोणाच्या तुमी?"

"सातपाटीची मी," काकू म्हणाल्या.

"खाडी ओलांडून आला मग. बसा."

त्यांनी सरकून जागा केली. खांद्यावरचा पंचा काढला, त्याची घडी घातली आणि त्यांना लाकूड टोचू नये म्हणून त्या जागेवर ठेवली. काकू बसल्या. दोघं पाण्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने काका काहीसे अवघडून, हलक्या आवाजात म्हणाले, "माझी बायको येल एवढ्यात. ती आली का तुमी उठा हां."

"उठते," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारी बसून राहिल्या.